पडलेल्या घराचे दार, उभ्या घराला

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला दर पावसाळ्यापूर्वी एक प्रश्न पडतो. छपराचे दोन वासे वाळवीने पोखरलेले असतात, ओसरीचा एक खांब बुडाशी कुजलेला असतो, काही कौले फुटलेली असतात आणि तशी कौले आता दुकानात मिळत नाहीत. नवे आणावे तर बसत नाही, जुने आणावे तर कुठून आणायचे हे ठाऊक नसते. मग कोणीतरी आपलेपणाने सुचवते, छप्पर उतरवा आणि स्लॅब टाका, कायमची कटकट मिटेल. या एका सल्ल्याने गावोगावची जुनी घरे गेली आहेत. तो सल्ला मानण्याआधी घरमालकाच्या हाती काही उपयोगी माहिती असावी, म्हणून हे पुस्तक.

जुन्या घरांसाठी लागणारे जुने सामान शोधणे, पारखणे, सोडवून आणणे आणि पुन्हा बसवणे हा पुस्तकाचा विषय. सामान म्हणजे चिरे, नळे, मंगळुरी कौले, खांब, तुळया, दारांच्या चौकटी, शिंपल्यांची तावदाने, लाद्या, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. या व्यवहाराचे चकाकते रूप सगळ्यांनी पाहिले आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या दुकानांत जुनी दारे भिंतीला टेकवून उभी असतात, कोरीव खांबांना पॉलिश केलेले असते आणि ते सारे एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी किंवा दूरच्या शहरातल्या बंगल्यासाठी निघालेले असते. त्याच वेळी पाच-सात किलोमीटरवर एखादे कुटुंब तशाच खांबासाठी अडून बसलेले असते. मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट सांगायची आहे. पडलेल्या घराच्या सामानावर पहिला हक्क त्याच पंचक्रोशीत उभ्या असलेल्या घराचा आहे. हे सामान शोभेसाठी जमवण्याऐवजी दुरुस्तीसाठी राखले, तर या दोन तालुक्यांतली बरीच घरे आणखी शंभर वर्षे नांदतील.

याच दोन तालुक्यांची निवड का केली, ते सांगायला हवे. गोव्याच्या जुन्या घरांविषयी मोलाचे काम झाले आहे. १९९९ मध्ये 'हाउसेस ऑफ गोवा' हे पुस्तक निघाले, आणि वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांनी तोर्डा इथे याच विषयाचे संग्रहालयही उभारले. तरीही सर्वसाधारण वाचकाच्या मनात गोव्याचे जुने घर म्हटले की सासष्टी किंवा बार्देशातले घर उभे राहते. रस्त्याकडे उघडणारे बाल्कांव, उंच खिडक्या, मोठा दिवाणखाना. पेडणे आणि डिचोलीचे घर निराळे आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये. डिचोली आणि पेडणे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात होते. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ मध्ये. म्हणजे १९६१ पर्यंत शापोरा नदीच्या दक्षिण तीरावरच्या बार्देशात पोर्तुगीज अंमल ४१८ वर्षे चालला आणि उत्तर तीरावरच्या पेडण्यात १७३ वर्षे. नदी एकच, पण दोन्ही काठांवरच्या सुतारांना आणि गवंड्यांना वेगवेगळ्या परंपरेतून शिक्षण मिळाले.

पेडण्यातले जुने हिंदू घर बाहेर फारसे उघडत नाही, ते आत उघडते. पुढे ओसरी, मग चौक किंवा राजांगण, मध्ये तुळस, भोवती पडव्या, त्यांच्या मागे माजघर, देवघर, कोठार, बाळंतिणीची खोली, आणि परसात विहीर. पेडणे शहरातला देशप्रभूंचा वाडा हे या रचनेचे भव्य रूप. कोरगाव, पार्से, धारगळ, तिकडे मये, नार्वे, पिळगाव, साळ, मेणकुरे या गावांत तीच रचना लहान अंगाने भेटते. एकच चौक, चारच खांब, पण मांडणी तीच. या घरांची दारे बुटकी, खिडक्या लहान, भिंती जाड. दक्षिणेकडच्या घरातली उंच कमानदार खिडकी इथे आणून बसवायची तर भिंत फोडावी लागते आणि घराचे प्रमाण बिघडते. उलट बांदा, सावंतवाडी किंवा दोडामार्गाकडच्या पडलेल्या घराचा खांब पेडण्याच्या ओसरीत कमी खटपटीने बसतो, कारण तो त्याच घराण्यातला असतो. राज्याची सीमा पत्रादेवीला आहे, पण घरबांधणीची सीमा तिथे नाही. सामान शोधणाऱ्याने हे पहिल्यांदा लक्षात ठेवावे.

आता या घरांच्या अंगभूत गुणाविषयी. सिमेंटपूर्व काळातले घर सुटे होऊ शकते. चिरे मातीत किंवा चुन्यात जोडलेले असतात. भिंत उतरवताना सांधा सुटतो, चिरा अखंड हाती येतो आणि तो दुसऱ्या भिंतीत जातो. खांब, तुळई आणि वासे खाचेत खाच बसवून, लाकडी खुंट्या मारून सांधलेले असतात. खुंटी काढली की सांधा मोकळा. कौले रिपांवर नुसती टेकलेली असतात. या माणसांनी घर बांधताना ते कधी तरी उतरवावे लागेल, त्यातले काही पुन्हा वापरावे लागेल, हे गृहीत धरले होते. सिमेंटच्या भिंतीतून चिरा काढायला गेले तर तो फुटतो. स्लॅब पाडला की मागे मलबा उरतो आणि आतल्या सळ्या भंगारात जातात. जुन्या सामानाचा सगळा व्यवहार शक्य होतो तो जुन्या बांधणीच्या या शहाणपणामुळे. म्हणूनच दुरुस्तीतही सिमेंट जपून वापरावे. जिथे सिमेंट गेले तिथे पुढच्या पिढीची दुरुस्ती अवघड झाली.

चिऱ्याचेच पाहा. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागेल तसा कडक होतो. जुना चिरा माणसाने हातातल्या हत्याराने काढलेला, मापाला मोठा आणि अंगाला खडबडीत. आजचा चिरा यंत्राच्या पात्याने कापलेला, गुळगुळीत आणि लहान. जुन्या भिंतीत नवा चिरा घातला की थर जुळत नाहीत. त्यामुळे कोसळलेल्या गोठ्याचे किंवा कुंपणाचे चिरे कुणी भरावासाठी नेत असेल तर त्याला थांबवावे आणि चिरे रचून ठेवावेत. गिलाव्याच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्याला तसे करू देतो. सिमेंटचा गिलावा पाणी आत कोंडतो, मग भिंतीला ओल धरते, मीठ फुटते आणि दोष मात्र जुन्या भिंतीला दिला जातो. शिंपल्यांचा चुना भिजवून, मुरवून, गुळाचे पाणी घालून मळणे वेळखाऊ आहे, पण ज्या भिंतीवर तो लागतो ती भिंत कोरडी राहते.

छपराचा विषय सर्वांत मोठा, म्हणून पुस्तकातही त्याला सर्वाधिक पाने दिली आहेत. आधीची छपरे नळ्यांची होती. नळे म्हणजे कुंभाराने घडवलेली अर्धगोल कौले. डिचोलीचे कुंभारकाम प्रसिद्ध आहे, पण छपरासाठी नळे घडवून घेणारे गिऱ्हाईक सरले तसे ते काम मागे पडले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती सपाट कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. नळ्यांपेक्षा ती कमी लागतात आणि वाऱ्याने सहसा सरकत नाहीत, त्यामुळे कोकणात आणि गोव्यात त्यांनी नळ्यांची जागा घेतली. जुन्या कौलावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. इथे खरेदीदाराची हमखास फसगत होते. कौलावरचे १८६५ किंवा १८६८ हे साल पुष्कळदा त्या कारखान्याच्या स्थापनेचे असते. पुढची अनेक दशके तोच ठसा वापरला गेला. तेव्हा सालावरून कौलाचे वय ठरवू नये आणि त्या सालासाठी जादा पैसे मोजू नयेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दोन कारखान्यांची कौले दिसायला सारखी असली तरी त्यांच्या खाचा जुळतीलच असे नाही. मिसळून घातली तर सांध्यातून पाणी झिरपते. म्हणून कौल आणायला जाताना आपल्या छपरावरचे एक कौल बरोबर न्यावे, घ्यायचे कौल त्यात अडकवून पाहावे, बोटाने वाजवून पाहावे. नीट भाजलेले कौल खणखणते, चिरलेले बद्द आवाज देते. पुरेशी जुनी कौले मिळालीच नाहीत तर एक तोडगा अनुभवी माणसे करतात. घरावरची सगळी धड जुनी कौले गोळा करून पुढच्या उतारावर घालायची आणि मागचा उतार पूर्ण नव्या कौलांनी शाकारायचा. घराचा चेहरा टिकतो आणि पाणीही गळत नाही.

लाकडाची पारख पुस्तकात सविस्तर आहे, इथे मुख्य मुद्दे तेवढे सांगतो. साग, फणस, किंदळ, शिवण, माट्टी आणि छपरासाठी माड, ही या भागातल्या घरांची लाकडे. माट्टी तर आता गोव्याचा राज्यवृक्ष आहे. ऐंशी-शंभर वर्षे छपराखाली राहिलेले लाकूड पुरते सुकलेले असते. त्याला आकसायचे ते केव्हाच आकसून झालेले असते. नव्या लाकडाची चौकट दोन पावसाळ्यांत वाकते, जुन्या लाकडाची वाकत नाही, या सुतारांच्या म्हणण्याला असा आधार आहे. पण जुने म्हणजे चांगले असेही समजू नये. टोचणी घेऊन खांबाचे बूड, तुळईची भिंतीतली टोके आणि चौकटीचा उंबऱ्याजवळचा भाग तपासावा, कारण ओल आणि वाळवी तिथून शिरते. खांबाचे बूड तेवढे कुजले असेल तर ते कापून उंच दगडी बैठकीवर खांब उभा करता येतो. मोठ्या लाकडातून लहान लाकूड निघते. तुळईचा वासा होतो, वाशाची रीप होते. म्हणून आखूड किंवा तुटका तुकडा जळणात टाकण्याआधी मेस्तांना, म्हणजे सुतारांना, दाखवावा. लाकडात राहिलेले खिळे चुंबकाने शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते.

शिंपल्यांच्या तावदानांविषयी एक वेगळी सूचना आहे. काच महाग होती तेव्हा खिडकीच्या लाकडी जाळीत पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत त्यांचे प्रमाण जास्त, पण इकडच्या सधन घरांतही ती भेटतात. ज्या शिंपलीपासून ती होतात तिला वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ मध्ये संरक्षण दिले. तेव्हा अशा खिडकीची दुरुस्ती करायची तर जुन्या, मोडक्या खिडकीतले शिंपले जपून काढून वापरणे हाच सरळ मार्ग आहे. आज एखादी कुजकी झडप कुणी होळीत टाकत असेल तर त्यातले शिंपले मात्र आधी काढून घ्यावेत.

हे सामान मिळते कुठे? पहिले ठिकाण स्वतःच्या घराचा माळा. मागच्या पिढ्यांनी जे बदलले ते टाकले नाही, वर चढवून ठेवले. गोठ्याचे दार पूर्वी माजघराचे असते, विहिरीवरचे लाकूड पूर्वी तुळई असते. दुसरे ठिकाण भाऊबंदांचे आणि शेजाऱ्यांचे पडके घर. तिसरे, गावातले मेस्त आणि गवंडी. कोणते घर यंदा उतरणार हे त्यांना सर्वांआधी कळते. चौथे, रस्ते आणि प्रकल्प. राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीतून पेडण्यात शिरतो, त्याचे रुंदीकरण झाले. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला आणि भोवतालच्या गावांत जमिनीचे भाव चढले. अशा वेळी घरे झपाट्याने उतरतात आणि सामान ट्रकमध्ये भरून जाते. पाचवे ठिकाण भंगारवाले आणि जुन्या लाकडाचे व्यापारी, म्हापशापासून सावंतवाडीपर्यंत. दुकान हे शेवटचे ठिकाण. या क्रमाने गेले तर पैसे वाचतात, आणि वस्तू कुठल्या घरातून आली तेही कळते.

देवळांचा प्रश्न स्वतंत्र आहे. जीर्णोद्धारात लाकडी सभामंडप उतरवून काँक्रीटचा बांधला जातो आणि कोरीव खांब, तक्तपोशी, गणेशपट्ट्या मागे उरतात. देवळाचे लाकूड घरात लावू नये असा संकेत आपल्याकडे आहे आणि तो पाळावा असे मला वाटते. हे सामान देवळाच्याच आवारात, अग्रशाळेत किंवा गावातल्या दुसऱ्या देवळाच्या दुरुस्तीत गेले पाहिजे. जीर्णोद्धार जुन्या पद्धतीनेही करता येतो, याचा दाखला डिचोली तालुक्यातच आहे. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात तिथले देऊळ पाडले गेले तेव्हा देव नदी ओलांडून इकडे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाची उभारणी करवली. गोवा सरकारने अलीकडे त्याची दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुले केले. जे वाचवता येईल ते नदीपार नेऊन पुन्हा उभे करायचे, ही या मातीची जुनी रीत आहे.

पुनर्वापराचा गोव्याचा इतिहास इथेच संपत नाही. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, जुन्या गोव्यातले मठ ओस पडले, १८४२ मध्ये ऑगस्टिनियन चर्चचे छत कोसळले आणि पुढच्याच वर्षी पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या शहराच्या पडक्या इमारतींचे दगड नव्या शहराच्या बांधकामांत गेले. पणजीच्या पायऱ्यांवरच्या प्रसिद्ध चर्चमधली मोठी घंटा त्या ऑगस्टिनियन मठाची आहे. विसाव्या शतकात साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणारे कुर्डीचे महादेव मंदिर दगड न दगड सुटा करून वरच्या बाजूला नव्या जागी उभे केले गेले. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ मध्ये 'गोवा चित्र' संग्रहालय सुरू केले. त्या इमारतीतच पाडलेल्या जुन्या घरांची दारे, खिडक्या आणि खांब लावलेले आहेत. शेजारच्या कर्नाटकात मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी 'हस्तशिल्प' प्रकल्पात मोडली जाणारी अख्खी घरे उचलून आणून पुन्हा बांधली. अशा कामांविषयी मला मनापासून आदर आहे. सगळे जात असताना त्यांनी हाताला लागले ते राखले.

पण या व्यवहाराचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये बर्मा सागाच्या खांबांचे शेकडो वाडे होते. तिथल्या कारैकुडी गावात त्या वाड्यांच्या सुट्या भागांची बाजारपेठच तयार झाली. वाड्याच्या तुकड्यांना अख्ख्या वाड्यापेक्षा जास्त भाव येऊ लागला की वारसांना वाडा मोडणे परवडते. आपल्याकडे हीच भीती आहे. एखाद्या व्यापाऱ्याने ओसरीच्या चार खांबांसाठी रोख रक्कम पुढे केली, आणि घर बंद पडून दहा वर्षे झाली असली, तर नकार देणे कठीण असते. खांब गेले की पहिल्या पावसात ओसरी बसते, दुसऱ्या पावसात छप्पर. म्हणून माझी खरेदीदाराला कळकळीची विनंती आहे की उभ्या घरातून सोडवलेली वस्तू घेऊ नये. ती कितीही सुंदर असली आणि विकणारा कितीही निकडीत असला तरी घेऊ नये. जे घर आपोआप कोसळले, किंवा ज्याचे पाडणे इतर कारणांनी ठरून गेले आहे, त्याचेच सामान घ्यावे.

घरे बंद का पडतात, हेही समजून घ्यायला हवे, नाहीतर आपण मालकांना उगाच दोष देऊ. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे गोव्यात घराचा हिस्सा सगळ्या मुलामुलींना मिळतो. ही न्याय्य गोष्ट आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला पुष्कळ वारस होतात, त्यांतले काही मुंबईत, काही परदेशात, आणि कौले परतायचा खर्च कुणी करायचा हे ठरत नाही. मये गावात तर १९६१ नंतर गोवा सोडून गेलेल्यांची मालमत्ता म्हणून जमीन कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि कुटुंबे पिढ्यान्पिढ्या मालकीशिवाय राहिली. तिथला प्रश्न सोडवण्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जी जागा आपली आहे की नाही हे ठाऊक नाही, तिच्या छपरावर माणूस पैसे कसा घालणार? डिचोलीत खाणींनी एका काळात पैसा आणला आणि त्या पैशातून नवी घरे आली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा दुरुस्तीचे पैसेही आटले. जुन्या घराची अवस्था हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे या दोन तालुक्यांत ठळकपणे दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तूही येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. म्हणजे शतकभरापूर्वीचा कोरीव खांब विकणाऱ्या दुकानदाराकडे परवाना मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो मागितला पाहिजे. जुने सागवान राज्याच्या सीमेपलीकडून आणायचे असेल तर दोन्हीकडच्या वन खात्यांत आधी विचारणा करावी. पावती घ्यावी, आणि पावतीवर वस्तू कुठल्या गावातल्या घराची ते लिहून घ्यावे.

काही गोष्टी उचलून नेता येत नाहीत, याचेही भान हवे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव चढवून ती कोरून काढलेली कावी चित्रे देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर आहेत. भिंत पडली की ती गेली. शेणाने सारवलेली जमीन, चौकातून येणारा उजेड, जाड मातीच्या भिंतीमागचा दुपारचा गारवा, हे कुठल्या दुकानात मिळणार? दार विकत आणता येते, पण ते ज्या घरासाठी घडले ते घर आणता येत नाही. म्हणून घर राखणे हे पहिले काम आणि सामान राखणे हे दुसरे.

आणि तिसरे काम, हात राखण्याचे. जुना खांब मिळेल, पण त्याचे बूड कापून नवे लाकूड सांधणारा मेस्त मिळाला नाही तर तो खांब अंगणात पडून राहील. पेडण्यात आणि डिचोलीत अशी कामे येणारी माणसे आजही आहेत. अनेकांना वर्षभर पुरेल इतके हे काम मिळत नाही, म्हणून त्यांची मुले प्लायवूडच्या कपाटांकडे वळली. तुमच्या घराची दुरुस्ती निघाली की त्यांना बोलवा, पुरेशी मजुरी द्या आणि त्यांच्या हाताखाली एखादा तरुण असेल असे पाहा.

शेवटी एक सूचना. प्रत्येक पंचायतीने, किंवा देवस्थानाने, एक कोरडी पडवी जुन्या सामानासाठी मोकळी करावी. गावातले घर पडले की त्याचे चिरे, कौले, वासे, दारे तिथे यावीत. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर खडूने नव्हे, रंगाने खूण घालावी आणि एका वहीत लिहावे: कुणाच्या घरातली, कुठल्या वाड्यावरची, घरात कुठे होती, कोणत्या साली उतरवली. वारसांना रास्त किंमत द्यावी. गावातल्या घराला गरज लागली की त्याच किमतीत ती वस्तू द्यावी. गावातल्या कुणालाच नको असेल तेव्हा शेजारच्या गावाला विचारावे, आणि बाजाराची वेळ सर्वांत शेवटी यावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक छप्पर, एक वही आणि हिशेब चोख ठेवणारे एक माणूस पुरे. पुस्तकाच्या शेवटच्या भागात त्या वहीचा नमुना दिला आहे.

बाकीच्या प्रकरणांचा क्रम घराच्या बांधणीचा आहे: पाया आणि भिंती, मग खांब आणि तुळया, मग छप्पर, मग दारे-खिडक्या, जमीन आणि अखेरीस लोखंडी-पितळी सामान. प्रत्येक प्रकरणात वस्तू ओळखायची कशी, मोजायची कशी, सोडवताना काय जपायचे आणि बसवताना काय टाळायचे हे सांगितले आहे. ज्याचे छप्पर गळते त्याने थेट छपराचे प्रकरण उघडावे, सुरुवातीपासून वाचण्याची गरज नाही. मात्र खरेदीला बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या घराची मापे घ्यावीत. प्रत्येक दाराची उंची-रुंदी, खांबांचा घेर, वाशांमधले अंतर, कौलावरचे नाव, सारे एका कागदावर मांडावे आणि माळ्यावर काय पडले आहे त्याची यादी करावी. निम्मी गरज माळ्यावरच भागेल, आणि उरलेल्या निम्म्यासाठी कुणाच्या दारात जायचे ते त्या कागदावरून ठरेल.